पोटदुखीला कंटाळून

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण अर्धी वाचून मत बनवू नका, एवढीच विनंती.

गेल्या आठवड्यापासून तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. आपल्या पारनेर तालुक्यातली अकरा पोरंपोरी पुण्यात एका हॉलमध्ये सतरंजीवर बसलीत, मागच्या भिंतीवर इंद्रधनुष्याच्या रंगांचा झेंडा आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, "आईबाप शिकायला पाठवतात आणि पोरं ही असली थेरं करतात. पालकांनो, जागे व्हा!" मला तीन दिवसांत सतरा फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, बातमी लावा."

तर लावतो. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलेला, अर्धा कापला गेलेला जो माणूस दिसतो ना, तो मी आहे.

कोरठणच्या खंडोबाची यात्रा उरकली त्याच आठवड्यातली गोष्ट. १७ ते १९ जानेवारी २०२५, शुक्रवार ते रविवार. पुण्यात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिथं ही पोरं तीन दिवस स्वयंसेवक म्हणून गेली होती. सात मुली, चार मुलगे. सहल कॉलेजची नव्हती. पोरं आपल्या मर्जीनं, घरच्यांना सांगून, भाड्याचे पैसे स्वतः काढून गेली. बरोबर राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनीच मला गळ घातली, "भाऊ, पालक तुम्हाला ओळखतात. तुम्ही बरोबर आलात तर चार घरं हो म्हणतील." मी हो म्हणलो. खोटं कशाला बोलू, चांगली बातमी मिळेल म्हणूनच गेलो.

आता पोरांनी तिथं काय 'थेरं' केली ते ऐका.

शुक्रवारी दुपारी दोन तास माहितीचा वर्ग झाला. शरीर वेगळं, मनाला वाटणारी ओळख वेगळी आणि ओढ कुणाची वाटते हे आणखी वेगळं, असं फळ्यावर तीन रकाने करून समजावलं. कुणाला काय विचारायचं नाही, हेही सांगितलं. शनिवारी दिवसभर फॉर्म भरले. २०१९ च्या कायद्यानं तृतीयपंथी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, शपथपत्र जोडायचं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांची कागदपत्रं गावाकडच्या घरात अडकलीत, त्यांचे अर्ज ही पोरं भरत होती. रविवारी संस्थेनं माहितीपत्रकांचा गठ्ठा समोर टाकला आणि सांगितलं, "हे मराठी तुमच्या आजीला कळेल का, ते बघा. नसेल कळत तर खोडा."

संपली थेरं. संध्याकाळच्या एसटीनं परत.

फोनवर बहुतेकांचं दुसरं म्हणणं असं, की हे सगळं परदेशातनं आलंय, आपल्याकडं असलं काही नव्हतं. इथं थोडा इतिहास सांगावा लागेल.

आपला भाग तमाशाचा. पलीकडं नारायणगावात राहुट्या लागतात, इकडं गावोगावच्या यात्रांत फड येतात. गवळणीत मावशी कोण होतो? लुगडं नेसलेला पुरुष. फडात नाच्या कोण? पुरुषच. आता प्रत्येक नाच्या समलिंगी असतो असं कुणी समजू नये. कित्येकांची ती निव्वळ कला होती, पोटापाण्याचा धंदा होता. पण ज्यांच्या मनात मुळातच तसं काही होतं, त्यांना उभं राहायला गावानं एवढी एकच जागा ठेवली होती, स्टेजवरची. वग संपला की त्याच माणसाला आपल्या ओट्यावर बसवून चहा द्यायला गाव तयार नसायचं. तिकडं दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माला सोडलेले जोगते. २००९ साली 'जोगवा' सिनेमा आला, उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे माणसं होती. पडद्यावर आणि स्टेजवर आपण त्यांना बघतही होतो.

बाहेरून आला तो कायदा. भारतीय दंड संहिता इंग्रजांनी केली १८६० मध्ये, लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. तिच्यातल्या ३७७ कलमानं 'निसर्गाविरुद्ध' संबंधांना थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. पुढं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्या कायद्याखाली नंतर आपल्याकडच्या पारध्यांवर जन्मजात चोर असल्याचा शिक्का बसला, तोच कायदा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत दुसरा भाग हिजड्यांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची, बायकी कपड्यात रस्त्यावर दिसले की धरायचं. हा भाग उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. पारध्यांच्या पालावर आजही पोलिसाची गाडी कशी येते ते तालुक्यात राहणाऱ्याला माहीत आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा एक शिक्का किती टिकतो, यासाठी वेगळं उदाहरण द्यायला नको.

याविरुद्ध बोलणारी माणसं मात्र आपल्या मातीतली, मराठीत लिहिणारी होती.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे. गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गमावलेला माणूस. त्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात वाचक अडचणी विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. कुणाला घरात विचारता येत नाही, वैद्याला विचारता येत नाही, असले प्रश्न. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून कोण उभं राहिलं माहितेय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील होत नाही, लोक जे प्रश्न विचारतात त्यांना ज्ञानानंच उत्तर दिलं पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. १९३४ सालचे दोनशे रुपये. आणि मासिक? ते कर्वे १९५३ साली वारले तोवर चालू राहिलं.

एक साधी गोष्ट बघा. कर्व्यांनी ते प्रश्न आपल्या मनानं तयार केले नव्हते, ते वाचकांकडून आले होते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी असे प्रश्न पडणारे आणि ते विचारण्याची हिंमत करणारे लोक आपल्यातच होते.

मग १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं. कॉलेजात शिकणाऱ्या, दुसऱ्या मुलीवर जीव जडलेल्या मुलीचं नाटक. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली. नाटकात ती मुलगी शेवटी जगत नाही. मुंबईत अशोक राव कवी नावाच्या पत्रकारानं, म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या माणसानं, १९८६ साली एका मासिकात स्वतःविषयी उघडपणे सांगितलं. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट'. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. खिऱ्यांचं मोठेपण माझ्या दृष्टीनं हे, की त्यांनी मराठीत लिहिलं. 'पार्टनर', 'इंद्रधनु' अशी पुस्तकं. इंग्रजी न येणाऱ्या पोराला आणि त्याच्या आईबापाला वाचता येतील अशी. ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिला प्राइड मोर्चा निघाला, तो समपथिकनं काढलेला.

त्या दिवशी मी पुण्यातच होतो, वेगळ्या कामानं. रस्त्यात मोर्चा दिसला. पाच मिनिटं उभा राहिलो आणि कुणी ओळखीचं बघेल म्हणून निघून आलो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आता पोरांनी जाण्याबद्दल. "समाजसेवाच करायची तर गावात झाडं लावा, तिकडं कशाला?" हाही प्रश्न आला. झाडं याच पोरांनी लावलीत, एनएसएसच्या शिबिरात. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीत ही योजना सुरू झाली आणि आज गावोगाव होणाऱ्या सात दिवसांच्या शिबिरांना कुणाचीच हरकत नसते. पण ज्या कामांना आज आपण हार घालतो, त्यांच्या सुरुवातीला आईबाप काय म्हणत होते ते आठवा. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समिती काढली. तेव्हा त्या रोग्यांच्या हातचं पाणी प्यायला कोण तयार होतं? नंतर सोमनाथच्या उन्हाळी छावणीत महाराष्ट्रभरातली पोरं जाऊ लागली, कुष्ठरोग्यांबरोबर राबू लागली, जेवू लागली. घरी परत आल्यावर 'महारोगी' म्हणणाऱ्या आजोबांना "असं म्हणायचं नाही" हे त्या नातवंडांनीच सांगितलं. बाबा आढावांनी १९७२ च्या सुमारास 'एक गाव एक पाणवठा' सुरू केलं, त्यातही तरुण पोरं गावोगाव हिंडली आणि कित्येक गावांनी त्यांना "आमच्या गावात असलं काही नाही" असंच सांगितलं असणार. हे वाक्य आपलं पाठच आहे.

आणि पारनेरकरांनी तर हे बोलूच नये. आपल्या चौकात ज्यांचं नाव घेतो ते सेनापती बापट. १२ नोव्हेंबर १८८० चा जन्म, याच गावातला. लोकांना त्यांचा बॉम्ब आठवतो, मुळशी सत्याग्रह आठवतो. १९१४ साली त्यांना मुलगा झाला तेव्हाची गोष्ट कमी जण सांगतात. त्या आनंदाचं जेवण घातलं आणि पहिली पंगत बसवली ती तेव्हा अस्पृश्य मानलेल्या लोकांची. चित्पावन ब्राह्मणाच्या घरचं जेवण, साल १९१४. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप असतं तर त्या पंगतीचा फोटोही असाच फिरला असता, खाली "थेरं" लिहून.

आता माझी गोष्ट. ही सांगायची नव्हती. पण शनिवारी त्या हॉलमध्ये जे झालं, त्यामुळं सांगणं भाग आहे.

२००४ साल. मी नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून परत आलो होतो, एका दैनिकाचा वार्ताहर झालो होतो. तालुक्यातल्या एका गावात तेवीस वर्षांच्या पोरानं जीव दिला. शिकलेला, सालस, कबड्डी खेळणारा. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी कारण विचारत होतो तेव्हा त्याचा एक मित्र मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "त्याचं लग्न ठरवलं होतं. त्याला नको होतं. मुलगीच नको होती. तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतोय?"

कळत होतं. मी संध्याकाळी एसटीडी बूथवरून फॅक्स पाठवला. एकेरी कॉलम, सहा ओळी. "पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून तरुणाची आत्महत्या."

आमच्या धंद्यात हे तयार वाक्य आहे. सासरचा छळ असो, सावकाराचा तगादा असो, नको त्या मुलीशी प्रेम असो, कारण लिहायचं नसलं की पोटदुखी. जिल्ह्याच्या पानांवर वर्षानुवर्षं किती लोकांची पोटं दुखली त्याची मोजदाद नाही.

दोन दिवसांनी तो मित्र मला एसटी स्टँडवर भेटला. हातात पेपरची घडी. ओरडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, त्याचं पोट कधीच दुखलं नव्हतं." आणि निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

मी खरं कारण छापायला पाहिजे होतं असं माझं म्हणणं नाही. छापलं असतं तर मेलेल्या पोराची बदनामी झाली असती, धाकट्या बहिणीची सोयरीक मोडली असती. तो अधिकार मला नव्हता. पण "कारण समजू शकले नाही" एवढं लिहिता आलं असतं. तेही मी लिहिलं नाही. आणि त्यापेक्षा मोठा गुन्हा पुढचा. त्या सहा ओळींनंतर वीस वर्षं माझ्या हातात लेखणी होती. परवा मी माझी जुनी कात्रणं काढून बसलो. या विषयावरच्या माझ्या बातम्या किती? चार. त्यातल्या तीन 'तृतीयपंथीयांचा उच्छाद' छापाच्या, एक यात्रेतल्या भांडणाची. बस.

या वीस वर्षांत बाहेर काय काय झालं? २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ लावता येणार नाही. ११ डिसेंबर २०१३ ला, पुण्याच्या त्या पहिल्या मोर्चाला बरोबर दोन वर्षं झाली त्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. १५ एप्रिल २०१४ ला त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ३७७ चा तो भाग रद्द केला. त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की एवढ्या उशिराबद्दल इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र न्यायालयानं दिला नाही, तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे सगळं मिळालं असं नाही. पण ज्याला लोक आजही "बेकायदा" म्हणतात, ते बेकायदा राहिलेलं नाही, हे तरी आम्ही तालुक्याच्या पानावर लिहायला हवं होतं. ७ सप्टेंबर २०१८ च्या आमच्या पानावर कांद्याचे भाव होते आणि एका वाढदिवसाची जाहिरात.

"आजार आहे, औषध करा," असंही एका काकांनी फोनवर सांगितलं. काका, जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १७ मे १९९० ला. तेव्हा मी शाळेत होतो. आता पस्तीस वर्षं होत आली.

आणि हे शहरातलं खूळ आहे असं म्हणाल, तर खेड्यांची नावं घ्या. माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ. २०१७ साली लोकांनी थेट मतदानानं ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं, तृतीयपंथी. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या बांधाच्या भांडणाची अपिलं ज्या खंडपीठात जातात तेच. न्यायालयानं अर्ज मान्य केला आणि जानेवारी २०२१ मध्ये गावानं त्यांना निवडून दिलं. आणि आपल्याच जिल्ह्यातलं श्रीरामपूर. तिथल्या दिशा पिंकी शेख या कवयित्री, 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीनं त्यांना प्रवक्त्या केलं. इथून श्रीरामपूरला जायला एक सकाळ पुरते. मी एकदाही गेलो नाही.

आता शनिवार. दुपारची वेळ. फॉर्म भरून घ्यायला साठीच्या एक तृतीयपंथी बाई आल्या. आपल्या तालुक्यातली एक पोरगी लिहीत होती. तिनं विचारलं, "आजी, नाव काय लिहू?" अर्जात दोन रकाने असतात, आधीचं नाव आणि आताचं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग दोन्ही नावं सांगितली. आधीचं हळू, आताचं मोठ्यानं. "जन्मगाव?" त्यांनी गाव सांगितलं आणि पोरीचा हात थांबला. "आजी, हे तर माझ्या मामाचं गाव!"

मी खांबाला टेकून बसलो होतो तो सरळ झालो. फोटो नेमका त्याच वेळचा आहे.

त्यांनी पोरीला विचारलं, कुणाच्या घरची. तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ओळख लागली होती. म्हणाल्या, "नको सांगू कुणाला मी भेटले म्हणून." मग जरा वेळानं, "कोरठणची यात्रा झाली का गं?"

"झाली ना. सोमवारी होती."

"काठ्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"गर्दी होती?"

पोरगी सांगत राहिली. भंडारा, पाळणे, भेळेची दुकानं, गाड्या किती लांब उभ्या होत्या. त्या ऐकत राहिल्या. सोळाव्या वर्षी रात्री कांद्याच्या ट्रकात बसून गाव सोडलेलं. आई वारली तेव्हा महिन्यानं कळलं. त्या सांगत होत्या तशा साध्या आवाजात मी इथं लिहितोय, त्यांनी डोळ्याला पदर लावला नव्हता. शेवटी पोरीनं विचारलं, "आजी, घरचे काय सांगतात तुमच्याबद्दल?" त्या हसल्या. "कुणी विचारलं तर सांगायचे, तापानं गेला म्हणून."

पोटदुखी नाही, ताप. एवढाच फरक.

आपल्याकडं असलं काही नाही, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. आपण ठेवलंच नाही. एकाला पोटदुखीनं मारलं, एकाला तापानं. उरलेले फडात गेले, शहरात गेले, नाहीतर लग्न करून दोन घरं जाळत बसले. आणि या सगळ्याची नोंद कुठं? माझ्या कात्रणांत नाही, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाही. पहिली खरी नोंद त्या दिवशी झाली, एकोणीस वर्षांच्या एका पोरीच्या हस्ताक्षरात. जन्मगावाच्या रकान्यात आपल्या गावाचं नाव. सहलीला जाऊन पोरांनी केलं ते एवढंच.

रविवारी पत्रकं तपासताना याच पोरांनी 'विकृती', 'ग्रस्त', 'प्रकार' असे शब्द जिथं जिथं दिसले तिथं लाल रेघ मारली. एकानं मला विचारलं, "सर, तुमच्या पेपरात कोणता शब्द वापरता?" मी विषय बदलला. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ साली मदुराईच्या दोन मुलींचं प्रकरण आलं. तेव्हा न्या. आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला यातलं कळत नाही असं मान्य केलं आणि समुपदेशकाकडं जाऊन आधी समजून घेतलं. त्यातूनच पुढं तामिळनाडू सरकारनं वर्तमानपत्रांनी कोणते शब्द वापरावेत याची तमिळ यादी काढली. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसतो, तर तालुक्याच्या वार्ताहराला कसली लाज?

माझ्या वार्ताहर मित्रांना एवढंच सांगणं, कारण माहीत नसेल तर "समजू शकले नाही" लिहा. पोटदुखी बंद करा. मी माझ्यापुरती आजपासून बंद केली.

पालकांना सांगणं, पोरं सुखरूप आहेत आणि तुम्हाला लाज वाटावी असं त्यांनी काही केलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहेत, मीही जाणार आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी बरोबर या, स्वतः बघा. आणि तुमच्याच घरात कुणी पोर लग्नाचं नाव काढलं की गप्प होत असेल, जेवत नसेल, तर रागावण्याआधी जवळ बसा. बोलायला दुसरं कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

ज्या मित्रानं २००४ साली मला एसटी स्टँडवर गाठलं होतं, तो कुठं असेल तिथं हे वाचत असेल तर त्याला सांगतो. तू म्हणालास ते बरोबर होतं. चूक माझी होती.

राहता राहिल्या त्या आजी. त्यांना मी निघताना विचारलं, यात्रेला याल का? म्हणाल्या, बघू. गावात नाही जाणार, पण देवाला येईन. येत्या पौष पौर्णिमेला मी त्यांना न्यायला जाणार आहे. दर्शन झालं की जेवण माझ्या घरी. बायकोला विचारलंय, ती म्हणाली, पुरणपोळी करते. पहिली पंगत त्यांचीच.